गोळी विरघळते, परिणाम उरतो

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या एखाद्या आजोबांच्या औषधांत 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनची इवलीशी गोळी बहुधा सापडेल. डोकेदुखीला 300 ते 600 मिलिग्रॅम लागते आणि तिचा गुण काही तासांत ओसरतो. मग एवढ्याशा गोळीने दिवसभर काय साधते?

रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये दीड ते चार लाख बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, असतात. कुठे कापले की त्या तेथे चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्झेन हे रसायन सोडून इतर बिंबिकांना गोळा करतात. हेच हृदयाच्या रोहिणीत घडले, तर गुठळीने वाट बंद होते! थ्रॉम्बॉक्झेन तयार होण्यास एक विकर (एन्झाइम) लागते. अ‍ॅस्पिरिन आपला अ‍ॅसिटिल गट त्याला कायमचा चिकटवते. जणू कुलपात मोडलेली किल्ली.

आता थोडे गणित. (पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला राहवत नाही.) रक्तातील अ‍ॅस्पिरिनचे अर्धायुष्य सुमारे 20 मिनिटे. म्हणजे दोन तासांत 1/64 भागच उरतो. पण मोडलेली किल्ली तशीच राहते. इतर पेशी केंद्रकाच्या आज्ञेनुसार नवे विकर बनवतात. बिंबिकेला केंद्रकच नाही! तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ते विकर पुन्हा कामाला येत नाही. रोज साधारण दहावा हिस्सा बिंबिका नव्या येतात. त्यांचा समाचार दुसऱ्या दिवशीची गोळी घेते.

मग मात्रा वाढवून काय मिळणार? बहुतेक कुलपे आधीच बंद आहेत. उलट जठराच्या अस्तराला इजा होण्याचा धोका वाढतो. शिवाय रक्तवाहिनीची भिंत गुठळी रोखणारे प्रोस्टासायक्लिन बनवते, तेही घटते.

अ‍ॅस्पिरिन विकरावर घाव घालते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. 1988 मध्ये 17,187 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका आल्यावर महिनाभर रोज सुमारे 160 मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी कमी आढळले.

आजोबांना दात काढायचा असेल, तर दंतवैद्याला या गोळीविषयी आधी सांगावे; आपल्याच मनाने मात्र ती बंद करू नये. आणि पावसाळ्यात ताप आला म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिन कुणी देऊ लागले, तर थांबवा. ताप डेंग्यूचा असला, तर बिंबिका आधीच घटलेल्या असतात; उरलेल्याही निकामी झाल्या, तर रक्तस्राव आवरणार कोण?