गोळ्या चालू आहेत, मग फरक का नाही?

‘गोळ्या रोज चालू आहेत, पण मनाचे चढउतार थांबत नाहीत,’ अशी तक्रार करीत घरची मंडळी हताश होतात आणि एक दिवस औषधच बंद करतात. खरे तर फरक का पडत नाही, याचा शोध तेथूनच सुरू व्हायला हवा.

पुष्कळदा डॉक्टरांपुढे अर्धेच दुखणे जाते. माणूस अंथरूण धरतो तेव्हा आपण त्याला दवाखान्यात नेतो. पण तोच तीन तासांच्या झोपेवर गावभर हिंडतो, उसनवारीवर नवे धंदे मांडतो, तेव्हा ‘आता हुशारी आली’ म्हणून आपण खूश! दोन्ही टोकांच्या या आजाराला बायपोलर म्हणतात. त्यात नुसती उदासीवरची गोळी दिली, तर मन उलट उसळूही शकते.

या आजारावरचे जुने औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा उपयोग १९४९ मध्ये दाखवला. ते गुणकारी आहे, पण मोजूनमापून द्यावे लागते. रक्तातले प्रमाण साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलीमोल ठेवतात. कमी पडले तर गुण येत नाही, वाढले तर विषबाधा होते. म्हणूनच आपल्या खानदेशात जास्त जपायला हवे. पारा ४५ अंशांकडे जातो, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, आणि मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. अळणी उपवास, जुलाब, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके यांनीही तेच होते. हात फार थरथरू लागले, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. थायरॉईडही तपासून घ्यावे. लिथियममुळे ते मंदावू शकते आणि मग उदासी रेंगाळते.

झोपेचे तर विचारूच नका. लग्नसराईतली जागरणे, रात्रीचा प्रवास, श्रावणातली कानबाईची रात्र! एका जागरणानेही उन्मादाची लाट उठू शकते. आरती झाली की अशा माणसाला निजू द्यावे. कानबाई रागावणार नाही.

आणि प्रत्येक वादात ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न नको. त्याचा रागही कधी खरा असतो. काहींना खरोखरच पहिले औषध लागू पडत नाही. ते बदलावे, जोडीला दुसरे द्यावे लागते, त्यात आठवडे जातात. यात रोग्याचा दोष नसतो.

मरणाची भाषा निघाली, तर मात्र थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. २०२२ पासून १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

एरवी एक साधी वही करावी: किती तास झोप, मन कसे, कोणती गोळी चुकली. पुढच्या भेटीला ती सोबत न्यावी. चुकलेल्या गोळ्याही त्यात न लपवता लिहाव्यात.