हरणाऱ्यांच्या पैशावर चालणारा लिलाव

पंचकल्याणक महोत्सवाच्या मंडपात बोली सुरू झाली की इकडेतिकडे धावणारी मुलेसुद्धा येऊन बसतात. पहिल्या अभिषेकाचा मान कोणाच्या घरी जाणार, मंगल आरती कोणाच्या हातून होणार, याची उत्सुकता साऱ्या सभेला असते. आकडा चढत जातो, एखादे वडीलधारे गृहस्थ हसून हात जोडतात व थांबतात, आणि शेवटचा पुकारा होताच जयजयकार घुमतो. बोली ज्यांच्याकडे राहिली त्यांनीच रक्कम भरायची, हा नियम कोणी कोणाला समजावून सांगत नाही. जे मागे राहिले त्यांच्याकडे कोणी पैसा मागत नाही. उलट अनुमोदनेचे पुण्य त्यांनाही लाभते, अशी आपली श्रद्धा आहे.

बाजारातही रीत हीच. सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव पाहावा. आडत्या पुकारा करतो, खरेदीदार क्विंटलमागे भाव वाढवत जातात, आणि ज्याचा भाव सर्वांत चढा त्याच्या नावावर माल लिहिला जातो. ज्याला माल मिळाला नाही तो पुढच्या ढिगाकडे वळतो. त्याची सकाळ गेली असेल. गाठीचा पैसा गेलेला नसतो.

लिलावाची ही समजूत व्यापारी घराण्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ‘बोली’ हा शब्द मोबाइलच्या पडद्यावर दिसला, तरी मनात संशय येत नाही. वीस हजारांचा फोन हजार रुपयांत, सोन्याचे नाणे शंभर रुपयांत, अशा जाहिरातीखाली ‘बोली लावा’ असे बटण असते. माल मिळाला तर पैसे द्यायचे, नाही मिळाला तर नाही, असेच कोणीही धरून चालेल. वस्तुस्थिती तशी नाही. या लिलावात बोली लावण्याचेच पैसे द्यावे लागतात, आणि ते परत मिळत नाहीत.

या प्रकाराला इंग्रजीत ‘पेनी ऑक्शन’ असे नाव पडले. ग्राहक आधी बोल्यांचा संच विकत घेतो. वस्तूची किंमत शून्यापासून सुरू होते आणि प्रत्येक बोलीबरोबर ती अगदी थोडी, एखाद्या पैशाने वा रुपयाने, वाढते. पडद्यावर घड्याळ उलटे चालत असते; कोणी बोली लावली की त्यात पुन्हा काही सेकंदांची भर पडते. घड्याळ शून्यावर येईल तेव्हा ज्याची बोली शेवटची असेल त्याला ती वस्तू दिसत असलेल्या किमतीत मिळते. तीही त्याला वेगळी भरावी लागते. बाकीच्यांनी लावलेल्या बोल्यांचे पैसे संकेतस्थळाचे.

व्यापाऱ्याला शब्दांपेक्षा हिशेब लवकर कळतो, म्हणून एक उदाहरण मांडू. समजा, फोनची बाजारातील किंमत २०,००० रुपये आहे, एक बोली ३० रुपयांना पडते आणि तिने किंमत १ रुपयाने वाढते. लिलाव १,००० रुपयांवर थांबला. याचा अर्थ एकूण १,००० बोल्या लागल्या. त्यांचे ३०,००० रुपये आणि वर विजेत्याने भरलेले १,००० रुपये, असे ३१,००० रुपये संकेतस्थळाकडे जमा झाले. विजेत्याने समजा १५० बोल्या लावल्या होत्या. त्याचे ४,५०० अधिक १,००० असे ५,५०० रुपये गेले आणि वीस हजारांचा फोन हाती आला. तो सर्वांना आनंदाने सांगत सुटेल, आणि त्यात खोटे काही नसेल. उरलेल्या ८५० बोल्यांचे २५,५०० रुपये ज्यांनी भरले, त्यांच्या हाती मात्र काहीच आले नाही. जाहिरातीत विजेत्याचे छायाचित्र येते. फोनची खरी किंमत ज्यांनी चुकती केली ते कोठेच दिसत नाहीत.

जर्मनीत २००५ साली ‘टेलेबिड’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे ‘स्वूपो’ या नावाने अनेक देशांत पसरलेली कंपनी या धंद्यातील सर्वांत गाजलेली. २०११ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तोवर तिच्या अनुकरणाने अमेरिकेत व युरोपात अशी कितीतरी संकेतस्थळे उभी राहिली होती. कल्पनेचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन शुबिक यांनी १९७१ साली ‘डॉलरचा लिलाव’ नावाचा एक खेळ मांडला होता. एक डॉलरची नोट लिलावात काढायची. सर्वांत मोठी बोली ज्याची त्याला नोट मिळेल, पण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसालाही आपली बोली भरावी लागेल. एवढ्या एका अटीने खेळ पालटतो. नव्वद सेंट बोललेला माणूस ते बुडू नयेत म्हणून एक डॉलर बोलतो, समोरचा आपले बुडू नयेत म्हणून एक डॉलर दहा सेंट, आणि एका डॉलरची नोट डॉलरहून अधिक किमतीला जाते. शुबिक यांनी माणसांचा हट्ट कसा वाढत जातो हे दाखवण्यासाठी तो खेळ रचला. पुढे त्याच स्वभावावर दुकाने थाटली गेली.

या दुकानांत ग्राहकांचा अनुभव काय आला, हे केवळ ऐकीव गोष्टींवर सोडण्याची गरज नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील नेड ऑगेनब्लिक यांनी अशा १ लाख ६६ हजार लिलावांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. लिलावाच्या आरंभी लावलेली बोली सरासरीने फारशी तोट्याची नसते, असे त्यांना आढळले. लिलाव लांबत जातो तसा तोटा वाढतो, आणि पुढच्या टप्प्यांवर बोलीसाठी मोजलेल्या रुपयामागे सरासरी पंचवीस पैशांचेच मोल परत येते, इतका तो खाली जातो. सर्व लिलाव मिळून संकेतस्थळाचा नफा सरासरी पन्नास टक्क्यांहून अधिक भरतो. म्हणजे माणूस जितका अधिक गुंततो तितकी त्याची प्रत्येक नवी बोली अधिक वाईट सौदा ठरते, आणि नेमके तेव्हाच त्याला उठवत नाही. पन्नास बोल्या लावून झालेला माणूस एकावन्नावी लावतो ती फोनसाठी नव्हे, आधीच्या पन्नास वाया जाऊ नयेत म्हणून. बुडीत उधारी वसूल होईल या आशेने त्याच कुळाला आणखी माल देणारा दुकानदार आपल्यापैकी कोणी पाहिला नाही?

झोंगमिन वांग आणि मिन्बो शू या दोन अभ्यासकांनी ‘बिगडील’ नावाच्या संकेतस्थळाच्या नोंदी पाहिल्या. त्यांचे निरीक्षण व्यापाऱ्यांना विशेष वाटावे असे आहे. बहुसंख्य नवे ग्राहक थोडे पैसे गमावतात आणि शहाणे होऊन निघून जातात. काही मोजके मुरलेले खेळाडू मात्र टिकतात आणि कमावतातही. त्यांच्यावर संकेतस्थळालाच तोटा होतो. धंदा चालतो तो रोज नव्याने येणाऱ्या अनभिज्ञांवर. ज्या दुकानाचा ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही त्याला आपल्याकडे पेढी म्हणत नाहीत.

काही संकेतस्थळे हरलेल्याला एक सवलत देतात: तीच वस्तू पूर्ण किमतीत घ्या, बोल्यांचे पैसे त्यातून वजा करू. नुकसान मर्यादित ठेवण्याची ही वाट आहे, हे मान्य करावे लागेल. पण ती पूर्ण किंमत संकेतस्थळाने ठरवलेली असते, आणि हजाराच्या आशेने आलेला माणूस शेवटी वीस हजारांची, कदाचित गरजही नसलेली वस्तू घरी नेतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा लिलावांविषयी ग्राहकांना जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पडद्याआडच्या खोट्या बोल्या. खरा ग्राहक जिंकण्याच्या बेतात आला की संगणकाचाच एखादा बनावट ‘स्पर्धक’ बोली लावतो आणि घड्याळ पुन्हा पुढे सरकते. वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांनी अशाच आरोपावरून एका संकेतस्थळावर कारवाई केली. कांद्याच्या लिलावात समोरचा खरेदीदार डोळ्यांनी दिसतो, त्याची पेढी ठाऊक असते. मोबाइलवर समोर एक टोपणनाव असते, आणि त्यामागे माणूस आहे की नाही हे कळण्याचा मार्ग ग्राहकापाशी नसतो.

आता हा सारा व्यवहार एका ओळखीच्या ठिकाणी आणून पाहू. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी लागते. येथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. येथेच रे नगर ही असंघटित कामगारांची विशाल वसाहत उभी राहिली. नियोजन ३० हजार घरांचे. त्यांपैकी १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमागावरचे कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, अशा कष्टकऱ्यांसाठी ती घरे आहेत. अशा वस्तीबरोबर किराणा, कापड, भांडी, मोबाइल यांची दुकाने येतात, आणि दुकानांबरोबर उधारीची वही येते.

समजा, त्या वस्तीतील एका घरात कॉलेजात जाणारा मुलगा आहे. आईने विड्या वळून शिल्लक टाकलेल्या पैशांतून त्याला फोन घेऊन द्यायचा आहे, आणि शिल्लक कमी पडते आहे. याच घराला ‘हजार रुपयांत फोन’ ही जाहिरात सर्वांत गोड वाटेल. तीस रुपये ही रक्कम तशी किरकोळ. एकशेवीस बोल्यांनंतर ३,६०० रुपये गेलेले असतात, फोन दुसऱ्या कोणाच्या नावावर झालेला असतो, आणि महिन्याच्या किराण्याची बाकी दुकानदाराच्या वहीत पुढे सरकते. संकेतस्थळाचे कार्यालय कोठेही असो, झळ अशा रीतीने कुंभारीच्या गल्ल्यापर्यंत पोहोचते. दुकानदाराच्या घरातला मुलगाही यातून सुटलेला नाही. त्याच्यापाशी फोन आहे, दुकानाच्या खात्याला जोडलेले यूपीआय आहे, आणि तीस-तीस रुपयांच्या नोंदी रोजमेळात कोणी निरखून पाहत नाही. पाहिल्याच, तर त्या खतावणीत कोणत्या खात्यावर टाकाव्यात? माल आला नाही म्हणून खरेदी नव्हे, परत मिळणार नाही म्हणून अनामत नव्हे.

व्यापारी कुटुंबांपुढे या प्रश्नाची एक दुसरी, अधिक अवघड बाजू आहे. वीस हजारांच्या वस्तूचे एकतीस हजार देणारी रीत विक्रेत्याला मोहात पाडणारच. सणासुदीला दुकानात बोलीची कुपने विकावीत, दहा-वीस रुपयांच्या कुपनावर टीव्ही ठेवावा, गर्दी होईल, नावही होईल, असा सल्ला कोणीतरी देतोच. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव सर्वांत आधी येते, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते, आणि म्हणून जुगाराचा उघड अड्डा आपल्या दारात कोणी चालू देणार नाही. परंतु अचौर्य अणुव्रताचे अतिचार अधिक बारकाईने पाहावे लागतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांची गणना आहे. त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे खोटी ठेवणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या रूपात बनावट माल देणे, हे दोन अतिचार थेट दुकानदारीचे आहेत. शंभरजणांकडून किंमत घेऊन माल एकालाच देणारे माप कोणत्या बाजूला झुकते आहे? सर्व अटी आधी छापल्या होत्या, ग्राहकाने स्वखुशीने कुपन घेतले, असे उत्तर देता येईल. कायद्यापुढे ते कदाचित टिकेलही. सायंकाळच्या प्रतिक्रमणात ते टिकेल का, हे ज्याचे त्याने पाहावे.

कायदाही आता पूर्वीसारखा मुका राहिलेला नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार, विक्रेत्याने स्वतःकडून बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर केला नसेल तर त्याला तशी बोली लावता येत नाही, आणि किंमत चढवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्या असतील तर खरेदीदार तो व्यवहार रद्द ठरवू शकतो. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत सांगितलेल्या तेरा युक्त्यांपैकी पहिली खोट्या निकडीची, म्हणजे घाई नसताना घाई भासवण्याची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने जिंकण्याच्या आशेने पैसे लावायचे खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे भरून लावलेली बोली या व्याख्येत बसते की ती केवळ विक्री ठरते, हा वाद न्यायालयांपुढे जाण्याजोगा आहे. दुकानात कुपने छापण्याआधी वकिलाला विचारलेले बरे.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिंकूनही वस्तू आली नाही, संकेतस्थळच नाहीसे झाले, अशी उघड फसवणूक असेल तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. रक्कम पुढे काढून घेतली जाण्याआधी खबर पोहोचली, तर ती रोखली जाण्याची शक्यता अधिक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे कुंभारीच्या ग्राहकाला सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही. सोबत लिलावाच्या पडद्याची छायाचित्रे, बोल्यांच्या खरेदीचे संदेश आणि बँकेचा खातेउतारा लागेल. तीस-तीस रुपयांच्या त्या नोंदी एकाखाली एक मांडून बेरीज केली की आकडा किती झाला हे अनेक घरांत तेव्हाच प्रथम कळते.