मेंढपाळांचा आधारस्वर

इटलीतील मेंढपाळांच्या नाताळगीतांना गेल्या तीन शतकांत जी नाना रूपे लाभली, त्यांचा मागोवा घेताना ठळकपणे प्रत्ययास येते ते हे की ज्यांनी त्यांतील अखंड आधारस्वर सांभाळला, त्यांच्याच हाती ते संगीत सजीव राहिले. अब्रुझ्झीच्या डोंगरांतून नाताळापूर्वी रोम व नेपल्स या नगरांत उतरणाऱ्या ह्या मेंढपाळांपैकी एकाजवळ कातडी पिशवीत वारा भरून वाजवायचा झाम्पोन्या असे, तर दुसऱ्याजवळ आपल्या सनईच्या कुळातील चारामेल्ला. आणि त्यांच्याच चालींच्या वळणावर संत आल्फोन्सो लिगोरी (१६९६–१७८७) यांनी 'तू शेंदी दाल्ले स्तेल्ले' हे गीत रचले. संगीतकार कोरेल्लीचा नाताळचा कॉन्चेर्तो त्याच्या पश्चात १७१४ साली छापला गेला; तारुण्यात इटली पाहिलेल्या संगीतकार हँडेलने १७४१ च्या 'मसाया' या गायनरचनेत 'पीफा' नावाचा वाद्यखंड घातला. दोघांनीही मेंढपाळांचे हे फुंकेचे संगीत तंतुवाद्यांवर आणले, परंतु खालचा स्थिर स्वर हलू दिला नाही.

आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यासारख्या गावी, जेथे सनईच्या जोडीत एकाने सूर धरावयाचा व दुसऱ्याने चाल वाजवावयाची हे श्रोत्यांस उपजत ठाऊक असते, तेथे लिगोरींचे हे गीत परके वाटण्याचे कारण नाही. शिवाय बासरीवादक पन्नालाल घोष यांनी लांब बासरी प्रचारात आणून खर्जाचे जे द्वार उघडले, त्यामुळे केवळ बासऱ्यांचा लहानसा वृंदही आता स्वयंपूर्ण होऊ शकतो. एकाच पट्टीच्या चार बासऱ्या घ्याव्यात: दोन लांब, दोन त्यांहून एक सप्तक उंच. उंच बासऱ्यांनी शुद्ध स्वरांतील चाल दादऱ्यासारख्या सहा मात्रांच्या डोलात, परस्परांपासून तिसऱ्या स्वराचे अंतर राखून वाजवावी. लांब बासऱ्यांपैकी एकीने षड्ज धरावा आणि दुसरीने सहाही छिद्रे मिटली असता निघणारा मंद्र पंचम.

खरी अडचण श्वासाची. झाम्पोन्याची पिशवी सूर तुटू देत नाही, मनुष्याची छाती मात्र रिकामी होते. म्हणून दोन्ही लांब बासऱ्यांचे श्वास आळीपाळीने पडतील अशा खुणा स्वरलिपीतच हव्यात. खालच्या बासऱ्यांस हालते स्वर देऊन वादकांचा कंटाळा टाळण्याचा मोह संयोजकास होतो, परंतु त्यात ह्या संगीताचा प्राणच जातो असे माझे निश्चित मत आहे. ज्यांना हे गीत बसवावयाचे असेल त्यांनी चाल शिकविण्याची घाई करू नये. आधी त्या दोन वादकांना केवळ सूर धरावयास बसवावे.