चंचल बालके आणि परवडणारे भिंग

धान्याचा ठोक व्यापार करणाऱ्या मनुष्याने कॅमेऱ्याच्या भिंगाविषयी लेख लिहावा, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु छायाचित्रणाचा छंद आम्हांस तरुणपणापासून जडलेला आहे, आणि पेठेतील अनेक बंधू व त्यांच्या घरची मंडळी गेली काही वर्षे आम्हांस एकच प्रश्न विचारीत आली आहेत : "कॅमेरा चांगला घेतला, तरी घरातल्या मुलांचे फोटो पुसट का येतात? आणि फार पैसे न घालता कोणते भिंग घ्यावे?" प्रत्येकास वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा ते एकदाच स्मरणिकेच्या पानांवर द्यावे, ह्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा आहे, असे आम्ही मानीत नाही. आमच्या पिढीतील पुष्कळांच्या घरी बालपणाचे एखादेच चित्र आढळते. स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यापुढे, तेल लावून भांग पाडलेले आणि खुर्चीचा हात घट्ट धरून उभे राहिलेले मूल त्यात दिसते. आमच्या थोरल्या भगिनी आज हयात नाहीत. त्यांचे लहानपणीचे असे एकच चित्र आमच्यापाशी आहे. त्या हसत कशा, अंगणात धावत कशा, हे त्यावरून त्यांच्या नातवंडांस सांगता येत नाही. पुढे भारतातच तयार होणारा अॅग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा घरोघर आला. एका फिल्मवर बारा चित्रे निघत; पण शटरचा वेग एकच. त्यामुळे "हलू नका" ही आज्ञा आधी आणि चित्र मागाहून, अशीच रीत होती. आज ती आज्ञा करण्याचे कारण उरलेले नाही. मात्र त्यासाठी पैसा कोठे खर्चावा, हे समजून घेतले पाहिजे.

प्रथम चित्र पुसट होण्याचे कारण पाहू. धावणारे मूल सेकंदास तीन मीटर अंतर कापते, असे धरा. शटर एक साठांश सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ते पाच सेंटिमीटर पुढे सरकते. मग चेहरा स्पष्ट कसा येणार? तेच शटर एक पाचशांश सेकंद उघडे राहिले, तर मूल जेमतेम सहा मिलिमीटर सरकते. म्हणून घरात हिंडणाऱ्या मुलास किमान एक अडीचशांश, धावणाऱ्यास एक पाचशांश आणि झोक्यावरील अथवा उडी मारणाऱ्या मुलास एक हजारांश सेकंदाचा वेग ठेवावा, असा आमचा साधा हिशेब आहे.

परंतु शटर इतका थोडा वेळ उघडावयाचे, तर तेवढ्यात पुरेसा प्रकाश आत आला पाहिजे. पोत्याचे तोंड जितके रुंद धरावे, तितके ते लवकर भरते, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगणे नलगे. भिंगाचे तोंड म्हणजे त्याचे छिद्र. भिंगाचे नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाने भागले असता जो अंक येतो, तो 'एफ' ह्या अक्षरापुढे लिहितात. म्हणून अंक लहान, तर छिद्र मोठे. कॅमेऱ्यासोबत सामान्यतः १८ ते ५५ मिलिमीटरचे जे झूम भिंग मिळते, त्याचे छिद्र लांबच्या टोकास एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरवर हा व्यास सुमारे ९ मिलिमीटर होतो. उलट ५० मिलिमीटर, एफ १.८ ह्या भिंगाचे छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटर उघडते, आणि त्यातून नऊ ते दहापट प्रकाश आत येतो. दिवेलागणीनंतर घरात पहिल्या भिंगाने एक तीसांश सेकंद लागत असेल, तेथे दुसऱ्याने एक अडीचशांश सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. संवेदनक्षमतेचा अंक १६०० वरून ३२०० केला, की एक पाचशांशही साधते. अंक वाढविल्याने चित्रात थोडा दाणा दिसू लागतो, हे खरे. पण दाण्यावरच ज्यांचे पोट, त्या आम्हांस त्याचे भय वाटत नाही! दाणेदार चित्रात मुलाचे हसू दिसते. हललेल्या चित्रात ते मुळीच दिसत नाही.

शहरातील एका दुकानात आमच्या परिचयाच्या कुटुंबास असे सांगण्यात आले, की 'कंपनरोधक' यंत्रणा असलेले मोठे झूम भिंग घेतल्यास मुलांची चित्रे हलणार नाहीत. ही समजूत सर्वत्र आढळते, म्हणून स्पष्ट लिहितो. ती यंत्रणा आपल्या हाताचा कंप सावरते. धावत्या मुलास ती थांबवीत नाही. देवळाचा अथवा डोंगराचा फोटो घेताना तिचा मोठा उपयोग होतो, खेळत्या बालकापुढे जवळजवळ नाही. फोनचेही असेच. भर उजेडात तो उत्तम काम देतो. पण मंद प्रकाशात पुष्कळ फोन अनेक क्षण एकत्र करून एक चित्र बनवितात, आणि त्यात धावते मूल पुसट होण्याचा संभव असतो.

तेव्हा घरातील मुलांसाठी आमची शिफारस एकच आहे : झूम नसलेले, एफ १.८ छिद्राचे साधे भिंग. ते स्वस्त आहे म्हणून हलके समजू नये. अशा भिंगांच्या रचनेचे मूळ जर्मनीत पॉल रुडॉल्फ ह्यांनी १८९६ साली झाइस कंपनीसाठी तयार केलेल्या 'प्लानार' भिंगात सापडते. रचना पूर्वीच सिद्ध झालेली, काचा थोड्या आणि उत्पादन प्रचंड, म्हणून किंमत बेताची. कॅननने आपले ५० मिलिमीटर, एफ १.८ भिंग १९८७ साली काढले. त्याची २०१५ सालची आवृत्ती सुमारे १६० ग्रॅम वजनाची आहे. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी त्याच मापाचे भिंग २०२० साली जाहीर झाले. निकॉनचे ३५ मिलिमीटर, एफ १.८ भिंग २००९ सालचे, आणि ५० मिलिमीटरचे २०११ सालचे. उलट ७० ते २०० मिलिमीटरचे एफ २.८ झूम नवे घ्यावयाचे, तर मोठ्या कंपन्यांचा भाव लाखापलीकडे जातो.

मग ३५ घ्यावे की ५०? ह्याचे उत्तर आपल्या खोलीच्या लांबीत आहे. लहान सेन्सरच्या सामान्य कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरने पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पूर्ण चित्र घेण्यास सुमारे अडीच ते तीन मीटर मागे सरावे लागते. ३५ मिलिमीटरने दोन मीटर पुरतात. जुन्या वाड्याचा चौक असेल तर ५० उत्तम, सदनिकेतील खोली असेल तर ३५ बरे. वानगी पाहिल्यावाचून आपण माल घेत नाही, तसेच येथेही करावे. हाती असलेले झूम एक दिवस ३५ वर व एक दिवस ५० वर स्थिर ठेवून घरात चित्रे घ्यावीत. निर्णय आपोआप होईल.

मैदानाची गोष्ट वेगळी. स्वच्छ उन्हात एफ ५.६ व संवेदनक्षमता १०० असतानाही एक आठशांश सेकंदाचा वेग सहज मिळतो. तेथे मोठ्या छिद्रासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही; ५५ ते २५० मिलिमीटरच्या जातीचे साधे झूम पुरेसे होते. म्हणून खरेदीपूर्वी एकच विचारावे : मूल बहुतांशी खेळते कोठे, छपराखाली की उन्हात?

आता काही सावधगिरीच्या सूचना. छिद्र पूर्ण उघडले असता स्पष्टतेची खोली फार थोडी राहते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरने, दीड मीटर अंतरावरून, एफ १.८ ला ती सुमारे सहा सेंटिमीटर असते. म्हणून केंद्र नेहमी डोळ्यावर साधावे, आणि उजेड असेल तेव्हा एफ २.८ पर्यंत यावे. कॅमेऱ्यात सतत केंद्र साधत राहण्याची सोय असते. कॅननमध्ये तिला सर्वो, तर निकॉनमध्ये एएफ-सी म्हणतात. ती चालू ठेवून एकापाठोपाठ चार-पाच चित्रे घ्यावीत. निकॉनच्या ३००० व ५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत केंद्र साधणारी मोटार नाही. त्यांस ज्या भिंगावर 'एएफ-एस' लिहिले आहे, ते घ्यावे.

जुने भिंग घेण्यास आमची हरकत नाही. पण विजेरीचा प्रकाश आरपार टाकून आतील काच पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय, आणि असा माल परत करावा. गोवा आणि आपल्या बेळगावकडील पावसाळ्यात धान्यास जे भय, तेच भिंगास. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंग ठेवल्यास ते वर्षानुवर्षे टिकते.

असो. लेख अपेक्षेहून लांबला. मालाचा भाव आज चुकला तर पुढल्या हंगामात भरून काढता येतो. पाच वर्षांच्या मुलाचा पुढील हंगाम सहाव्या वर्षाचा असतो. सभासद बंधू-भगिनींनी यंदा एखादे साधे भिंग घ्यावे, मुलांस मनसोक्त खेळू द्यावे, आणि निघालेल्या चित्रांपैकी निवडक कागदावर छापून, मागे नाव व तारीख घालून, घरी जपून ठेवावीत, एवढीच नम्र विनंती.