अंथरुणापासून मोरीपर्यंत

हिवाळ्यात वृद्ध माणसे पडतात, असे म्हटले की बर्फाळ देशांतील निसरडे रस्ते डोळ्यांसमोर येतात. परंतु हाँगकाँगच्या किंवा तैवानच्या शहरांत बर्फ पडत नाही. तरीही तेथील रुग्णालयांच्या नोंदींत वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण थंडीच्या महिन्यांत वाढलेले आढळले. तेव्हा दोष केवळ रस्त्याचा नव्हे. आपल्याकडे असे अपघात पुष्कळदा घरातच घडतात, आणि घरातही अंथरुणापासून मोरीपर्यंतच्या पंधरावीस पावलांत.

थंडीने कातडीखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त शरीराच्या अंतर्भागाकडे वळते आणि मूत्रपिंडे अधिक पाणी बाहेर टाकू लागतात. साहजिकच रात्री उठावे लागते. माणूस उबेतून एकदम उभा राहिला की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. तरुण शरीर हा फरक क्षणार्धात सावरून घेते. उतारवयात ते सावरणे मंदावते, आणि रक्तदाबाची किंवा झोपेची औषधे चालू असली तर अधिकच. डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यातच गारठलेले स्नायू वेळेवर साथ देत नाहीत. जानेवारीत पुण्यास सूर्य सातच्या पुढे उगवतो, दिल्लीस सव्वासातच्या सुमारास. वृद्धांचा दिवस मात्र चार-पाचलाच सुरू होतो. दिवा लावला तर घरच्यांची झोप मोडेल, हा संकोच त्यांना अंधारात चालावयास लावतो. हा संकोच घरच्यांनीच दूर केला पाहिजे. रात्रभर तेवणारा लहानसा दिवा फारशी वीज खात नाही.

जाग आल्यावर अंथरुणाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे बसावे, पावले वरखाली हलवावीत आणि मगच उभे राहावे. रात्री उठणे टळावे म्हणून काहीजण दिवसभर पाणीच कमी पितात. ही युक्ती अंगाशी येते, कारण शरीरातील पाणी घटले की उभे राहताना रक्तदाब अधिकच खाली येतो. लघवी वाढवणारी गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मोरीतील ओली फरशी, त्यावर साबण आणि अंगाला लावलेले तेल, हा योग वाईटच. स्नान पक्क्या, न घसरणाऱ्या आसनावर बसून करावे. भिंतीत भक्कम गज बसवावा; पंचा वाळत घालण्याची दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी नसते, हे ती उखडून हातात येते तेव्हा कळते! दाराला आतून कडी नसावी. गुळगुळीत फरशीवर नुसते लोकरी मोजे घालून चालणे अनवाणी चालण्याहून धोक्याचे. पायांत लोळणारी शाल किंवा धोतराचा सोगा तितकाच घातक.

एवढे केल्यावर घरातील माणसे प्रेमाने म्हणतात, "आबा, तुम्ही आता बसूनच राहा." हे प्रेम महागात पडते. बसून राहिलेल्या पायांतील बळ काही आठवड्यांतच ओसरते, आणि पडण्याच्या भीतीने न चालणारा माणूस पुढच्या वेळी अधिक सहज पडतो. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे २०१९ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले. उन्हे वर आल्यावर अंगणात फिरणे, खुर्चीचा आधार घेऊन उठणे-बसणे, एवढ्यानेही आरंभ होतो. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेवर विसंबण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख एककांची मात्रा देऊन पाहिली, तेव्हा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्यांचे पडणे उलट वाढले.

आणि इतके करूनही कोणी पडलेच, तर घाईने बगलेत हात घालून उभे करू नये. खुब्यात वेदना असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूस वळला असेल, तर चोळणे-ओढणे कटाक्षाने टाळावे. डोक्यास मार लागला असेल आणि रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर माणूस नीट बोलत असला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. वाहन येईपर्यंत त्याच्या अंगावर पांघरूण घालावे. फरशी फार गार असते.