डोळ्यांच्या व्यायामानं चष्मा सुटतो का?



"रोज दहा मिनिटं व्यायाम करा, चष्मा फेकून द्या" असे व्हिडिओ सध्या सगळ्यांच्याच मोबाईलवर येतायत. कंग्राळीला मार्कंडेयकाठी असो की निपाणीकडं वेदगंगेवर, आपलं निम्मं काम डोळ्यांवरच चालतं. म्हणून यातलं खरं काय, ते आपण नीट बघूया.

ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम बेट्स यांनी १९२० साली चष्म्याविना नजर सुधारण्यावर पुस्तक लिहिलं. तळहातांनी डोळे झाकणं, उन्हाकडं बघणं, बुबुळं फिरवणं, हे सगळं तिथलंच. पण त्यानं चष्म्याचा नंबर उतरतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. उलट सूर्याकडं बघितलं तर पडदा कायमचा भाजू शकतो. ते अजिबात करू नका.

मग सराव फुकट जातो का? तसंही नाही. थायलंड-म्यानमारच्या समुद्रावर मोकेन नावाचे लोक राहतात. त्यांची पोरं पाण्यात बुडी मारून, उघड्या डोळ्यांनी शिंपले गोळा करतात. स्वीडनच्या संशोधक ॲना गिसलेन यांनी २००३ मध्ये दाखवलं, की ही पोरं पाण्याखाली युरोपातल्या मुलांपेक्षा दुपटीनं बारीक बघतात. कारण ती बाहुली एकदम लहान करतात. पुढं स्वीडनच्या मुलांनाही सरावानं ते जमलं. जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट जुळत नसतील, तर त्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चालतात.

पण चाळिशी वेगळी. वयानं डोळ्यातलं भिंग कडक होतं, म्हणून जाळ्याची गाठ धूसर दिसते. त्याला चष्माच लागतो, त्यात लाज कसली?

आपल्या कामाच्या सवयी या:

👉 जाळं दुरुस्त करताना दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा. पापण्या मिटा-उघडा. थकवा कमी होतो.
👉 पाण्यावरची तिरीप फार वाईट. ऊन आणि वाऱ्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस वाढतं. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरा.
👉 डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा. नदीचं पाणी नको.
👉 पोरांना मोबाईलवरून उठवून रोज दोन तास उजेडात खेळू द्या. लांबचं न दिसण्याचा धोका त्यानं कमी होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: मोतीबिंदू व्यायामानं जात नाही, त्याला ऑपरेशनच लागतं. काचबिंदू तर बऱ्याचदा न दुखता नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. "व्यायाम चालू हाय की" म्हणून सहा महिने काढले, तर तेच महागात पडतं. चाळीशी ओलांडलेल्यांनी डोळे तपासून घ्या. साखर असेल तर दरवर्षी. डोळ्यांपुढं अचानक अंधारी, ठिणग्या किंवा पडदा आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे वाचून दाखवा. 🙏