अर्धशक्ती आणि पडद्यावरील हृदयगती

व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. अर्धशक्तीची खूण सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे: हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, अर्थात तोंडाने श्वास घ्यावा लागला, की बलार्ध झाले. आज व्यायाम चालू असतानाच हृदयगती संगणकाच्या पडद्यावर दिसते. छातीवरील पट्टा हृदयाचे विद्युत्स्पंद टिपून ब्लूटूथद्वारे पाठवितो. पट्ट्याची आतील बाजू ओली केल्यास नोंद स्वच्छ मिळते.

२२० वजा वय, या प्रचलित सूत्राने पंचेचाळिशीत कमाल गती १७५ येते. तिचे निम्मे, सुमारे ८८, म्हणजे अर्धशक्ती नव्हे. तेवढी गती काहींची बसल्या जागीही असते. मध्यम व्यायामास ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११२ ते १३३, ही कक्षा मानतात. मात्र हे सूत्र सरासरीचे आहे. व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

नाटे येथील दर्यावर्दी रुग्णांचा विचार करता आम्हांस आणखी एक भेद महत्त्वाचा वाटतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची गती औषधानेच रोखलेली असते. पडद्यावर १०५ दिसत असता त्यास धाप लागली, तर आकडा गाठण्यासाठी वेग वाढविणे धोक्याचे ठरेल. उलट किनाऱ्यावरील दमट उन्हाळ्यात तेवढ्याच श्रमाने गती अधिक चढते. शीतकाळ व वसंत वगळता व्यायाम कमी करावा, या ऋतूपदेशाचे मोल येथे कळते.

वैद्यमित्रांनी आकडा अवश्य नोंदवावा. मर्यादा मात्र श्वासावरून ठरवावी. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास व्यायाम थांबवून रुग्णास तत्काळ हृदयतज्ज्ञाकडे पाठवावे.